सिव्हिलच्या अभ्यासक्रमात भूशास्त्राचं नेमकं काय ठेवायचं?

पायाशिक्षक:

सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला भूशास्त्राचा एका सत्राचा पेपर असतो. तो काढून त्यातली दोन प्रकरणं जिओटेक्निकलच्या (पायाखालची माती आणि खडक यांच्या अभियांत्रिकीच्या) पेपरात बसवावीत, असा प्रस्ताव चर्चेत आहे. युक्तिवाद असा की पायाच्या डिझाइनला वहनक्षमता, कोहेजन (कणांची आपसातली चिकट पकड), घर्षणकोन (घर्षणामुळे मिळणारी पकड) आणि सेटलमेंट (पाया किती खचेल) एवढंच लागतं, आणि ते सगळं तपासणी अहवालात छापून येतं. मग मुलांनी खनिजांची कठीणता, स्फटिकांचे वर्ग आणि जीवाश्मांचे कालखंड का घोकायचे?

घोकंपट्टीबद्दलची तक्रार मला रास्त वाटते. पण अहवाल आहे म्हणून भूशास्त्र नको, हे मात्र अजिबात पटत नाही. विरोध करायचा तर "पाया महत्त्वाचा असतो" असं मोघम बोलून चालणार नाही. तेव्हा प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना विचारतो: अहवालातल्या आकड्यांनी जे कळत नाही आणि भूशास्त्र येणाऱ्या इंजिनिअरला कळतं, असं नेमकं काय आहे? आणि एका सत्रात शिकवून होईल एवढंच ठेवायचं तर काय ठेवाल, काय गाळाल?

बोअरलॉग:

आकडे अहवालातून येतात हे खरं, पण अहवालात ते कुठून येतात? ७६ मिमी व्यासाचे बोअर (तपासणीसाठी जमिनीत पाडलेली भोकं) २० मीटरच्या चौकटीत घेतले तर एका बोअरच्या वाट्याला ४०० चौरस मीटर जमीन येते. बघितलेली जमीन आणि गृहीत धरलेली जमीन यांचं प्रमाण साधारण १ : ८८,००० पडतं. मधली जागा भूशास्त्राच्या आधाराने भरायची, नाहीतर दोन बोअरांमध्ये पट्टीने सरळ रेघ ओढायची. चुनखडकात ती रेघ हमखास फसवते, कारण तिथे कातळाचा माथा सुळके आणि घळी घेत जातो आणि मध्ये पोकळ्या असतात. ग्रॅनाइटमध्ये कुजलेल्या मुरमात न कुजलेले मोठाले गोळे शिल्लक राहतात. लाव्ह्याच्या दोन प्रवाहांमध्ये मऊ, लालसर मातकट थर सापडू शकतो, आणि तो वरच्या कातळापेक्षा कितीतरी कमजोर असतो. कोणत्या खडकात काय शोधायचं हे आधी माहीत असेल तरच बोअर योग्य ठिकाणी पडतो.

एसपीटीचंच (जमिनीत नळी ठोकून तिचा घट्टपणा मोजायची चाचणी) बघा. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून पडतो, पहिले १५ सेंमी सोडून पुढच्या ३० सेंमीचे ठोके मोजतात. ठोके पन्नासच्या वर गेले की लॉगवर (बोअरच्या खोलीवार नोंदीवर) "रिफ्यूजल" (नळी पुढे जात नाही) लिहिलं जातं, आणि ऑफिसात बसलेला माणूस त्याचा अर्थ "कातळ लागला" असा घेतो. डोंगराच्या पायथ्याच्या घसरणीत किंवा जुन्या नदीपात्रात तो फक्त एक धोंडा असू शकतो. म्हणून रिफ्यूजलनंतर किमान ३ मीटर कोअर (ड्रिलने कापून काढलेला खडकाचा दंडगोल) काढायचा, आणि धोंडे त्याहून मोठे असण्याची शक्यता असेल तर आणखी खोल जायचं. कोअरमध्ये धोंडा ओळखायच्या खुणा असतात: तुकड्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे कुजलेली कड दिसते, खाली पुन्हा माती लागते, शेजारच्या बोअरात खडकाचे पापुद्रे भलत्याच कोनात असतात.

आता कोअरची पेटी. दीड मीटरच्या एका रनमध्ये (एका दमात ड्रिल केलेल्या लांबीत) तुकडे असे निघाले: २४०, १८०, ९०, ३१०, १२०, ७०, १३० मिमी, आणि १२० मिमी भरेल एवढा चुरा. एकूण १२६० मिमी, म्हणजे रिकव्हरी ८४ टक्के. आरक्यूडीसाठी (खडक किती अखंड आहे याचा टक्का) फक्त १०० मिमी आणि त्याहून लांब तुकडे धरायचे, लांबी मध्यरेषेवर मोजायची, आणि ड्रिलिंगमुळे झालेले ताजे, एकमेकांत चपखल बसणारे तुकडे एकच मानायचे. बेरीज ९८० मिमी, म्हणून आरक्यूडी ६५ टक्के, "मध्यम" प्रत. अहवालात एवढंच येतं.

माझ्या मते या रनमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पेटीत नसलेले २४० मिमी. कठीण खडक सहसा हरवत नाही. पाण्याबरोबर वाहून जातो तो मऊ थर, भ्रंशातली (खडक तुटून सरकलेल्या जागेतली) चिकणमाती किंवा सांध्यातलं (खडकाच्या नैसर्गिक फटीतलं) भरण, आणि पाया घसरतो तो नेमका तिथूनच. ते कुठे हरवलं हे ड्रिलरच्या नोंदींतून शोधावं लागतं: कोणत्या खोलीवर परतीच्या पाण्याचा रंग बदलला, कुठे पाणी परत येणं थांबलं, कुठे बिट एकदम झपाट्याने खाली गेलं. त्या जागी पेटीत मोजून तेवढ्याच लांबीचा लाकडी ठोकळा ठेवायचा आणि त्यावर खोली लिहायची. बरेचदा उरलेले तुकडे सरकवून पेटी "नीट" भरलेली दिसते आणि तो पुरावा कायमचा जातो. साधा सिंगल ट्यूब बॅरल (कोअर धरणारी एकेरी नळी) वापरला असेल तर मऊ थर हमखास जातो. डबल किंवा ट्रिपल ट्यूब मागायला शिकवा.

आणखी एक गोष्ट. उभ्या बोअरला उभे सांधे दिसत नाहीत. सांधे दर २ मीटरवर उभे असतील तर उभा बोअर दोहोंच्या मधून सरळ खाली जातो आणि आरक्यूडी ९५ टक्के येतो. तोच बोअर ४५ अंशांत तिरका घेऊन १४ मीटर मारला तर आडवं अंतर जवळजवळ १० मीटर होतं आणि पाचेक सांधे हाती लागतात. बोअर कोणत्या कोनात आणि कोणत्या दिशेला घ्यायचा हे प्रयोगशाळा सांगत नाही. ते आधी उघड्या खडकावर फिरून ठरवावं लागतं.

उतार_आणि_कट:

बोअरलॉग यांनी शेवटी दिशेचा मुद्दा काढला. रस्त्याच्या कामात तर सगळा खेळ दिशेचाच आहे.

टेकडी कापून रस्ता काढलाय, दोन्ही बाजूंना एकच खडक आणि एकच ताकद. समजा ठोकळा दाबून बघितला तर ६० मेगापास्कल. थरांचा डिप (आडव्या पातळीपासूनचा उतार) ३५ अंश, कटचा चेहरा ७६ अंश. एका बाजूला थर रस्त्याकडे उतरतात आणि कटच्या तोंडावर उघडे पडतात. सांध्याचा घर्षणकोन ३० अंश धरा, कोहेजन शून्य, पाणी नाही. सुरक्षा गुणांक म्हणजे टॅन ३० भागिले टॅन ३५, म्हणजे ०.८२. खालचा आधार कापला की ती बाजू घसरते. समोरच्या बाजूला थर डोंगरात उतरतात, तिथे या थरांवरून घसरण होऊच शकत नाही. फार तर दुसऱ्या सांध्यांमुळे खडकाचे खांब पुढे कलंडतील का, ते तपासायचं. ६० मेगापास्कलचा इथे काहीच संबंध नाही. आणि तरीही दोन्ही बाजूंना एकच उतार काढलेली ड्रॉइंग्ज सर्रास दिसतात.

यातली सगळ्यात घातक चूक म्हणजे भासमान डिप, म्हणजे तिरक्या छेदात खऱ्यापेक्षा कमी दिसणारा उतार. भूशास्त्रीय छेद रस्त्याच्या मध्यरेषेवर काढतात. मध्यरेषा स्ट्राइकशी (उतरत्या थरावरच्या आडव्या रेषेच्या दिशेशी) ३० अंशांचा कोन करत असेल आणि खरा डिप ४० असेल, तर छेदात दिसणारा डिप मिळतो टॅन ४० गुणिले साइन ३० मधून: ०.८३९ × ०.५ = ०.४२, म्हणजे सुमारे २३ अंश. छेद बघणारा म्हणतो, २३ हा ३० पेक्षा कमी आहे, धोका नाही. खडक मात्र ४० अंशांवर घसरायला तयार बसलेला असतो. हे गणित दोन ओळींचं आहे, पण ते न आल्यामुळे होणारं नुकसान मोठं आहे. मुलांकडून ते हाताने करून घ्या, सॉफ्टवेअर नंतर.

सांध्यात चिकणमाती भरलेली असेल तर घर्षणकोन १०-१५ अंशांवर येऊ शकतो, आणि पावसाचं पाणी मागे साठलं की उरलीसुरली पकडही जाते. म्हणून सांध्याची नोंद करताना डिप आणि दिशा लिहून थांबायचं नाही. अंतर, लांबी किती सलग आहे, पृष्ठभाग खडबडीत की गुळगुळीत, फट किती, भरण कशाचं, ओल आहे का, हे सगळं हवं. मोजताना कंपास थेट खडकाला न लावता आधी सपाट पॅड किंवा पाटी लावायची, म्हणजे लहान उंचवट्यांमुळे पाच-दहा अंशांची गफलत होत नाही. लोखंडी हातोडा लांब ठेवायचा. मॅग्नेटाइट जास्त असलेल्या खडकावर सुई भरकटते, तिथे दिशा दूरच्या ठळक खुणेवरून पडताळून घ्यायची.

काय गाळायचं, तर माझ्या मते खनिजांचा जवळजवळ सगळा भाग गाळा. तो वेळ स्ट्राइक, डिप, नकाशा आणि स्टिरिओनेटला (थर-सांध्यांच्या दिशा एका वर्तुळात मांडायचा आलेख) द्या.

दगडपारखी:

खनिजं गाळायला माझा ठाम विरोध आहे. स्फटिकांचे वर्ग आणि नमुन्यांची नावं जाऊ द्या, त्याबद्दल दुमत नाही. पण सहा-सात खनिजं अशी आहेत की ती ओळखता न आल्याने उभी बांधकामं खराब होतात.

स्मेक्टाइट, चिकणमातीतलं एक खनिज: पाणी प्यायलं की फुगतं, वाळलं की आकसतं. बाहेरून ताजा, काळा, टणक दिसणारा बेसाल्ट आत स्मेक्टाइट बाळगून असू शकतो. कोरड्या अवस्थेतल्या झीज चाचणीत तो पास होतो आणि भिजण्या-वाळण्याच्या काही फेऱ्यांत त्याचे तुकडे पडतात. धरणाच्या पिचिंगसाठी (उतारावरच्या दगडी अस्तरासाठी) दगड निवडताना तो इथिलीन ग्लायकॉलमध्ये १५ दिवस बुडवून ठेवायची चाचणी आहे. ग्लायकॉल स्मेक्टाइटच्या पदरांत शिरून त्याला फुगवतं, आणि वर्षांनी दिसणारा परिणाम आठवड्यांत दिसतो. पण ही चाचणी मागवायची हे सुचायला मुळात शंका यावी लागते.

जिप्सम पाण्यात विरघळतं आणि त्यातलं सल्फेट काँक्रीटवर हल्ला करतं. पायराइट हवा-पाणी लागलं की ऑक्सिडाइज होऊन आम्ल तयार करतं. शेजारी कॅल्साइट असेल तर त्यातून पुन्हा जिप्सम तयार होतं, आकारमान वाढतं आणि घराची जमीन वर उचलली जाते. भरावाच्या शेलमध्ये (चिखलापासून बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकात) बारीक पितळी चमक दिसली तर थांबून चौकशी करायची.

ओपल, चाल्सेडनी, ज्वालामुखी काच हे खडीत असले की सिमेंटमधल्या अल्कलीशी त्यांची प्रक्रिया होऊन जेल बनतं, ते पाणी शोषून फुगतं आणि काँक्रीटला नकाशासारख्या भेगा पडतात. यासाठी १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ८० अंश सेल्सिअसला १४ दिवस ठेवलेल्या मॉर्टर पट्टीची चाचणी करतात. प्रसरण ०.१० टक्क्यांच्या आत असेल तर साधारणपणे निर्धोक, ०.२० च्या वर गेलं तर धोका. मधलं आलं तर पुढच्या चाचण्या. पण त्याआधी पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हे पहिलं पाऊल आहे, आणि ते भूशास्त्रज्ञाचं काम आहे. खाणीत एका बाकावर (पायरीवर) खडी चांगली, दहा मीटर वरच्या बाकावर वाईट, असंही होतं. खाण बदलली नाही म्हणून खडक बदलला नाही असं धरून चालत नाही.

जलदाब:

वरच्या तिघांचं वाचून एक गोष्ट राहिल्यासारखी वाटली, ती म्हणजे पाणी. धरणांचे जे मोठे अपघात अभ्यासले जातात त्यांत काँक्रीट दोषी ठरल्याची उदाहरणं कमी. पाणी आणि खडकाची रचना यांची जोडी दोषी ठरली अशी भरपूर.

कॅलिफोर्नियातलं सेंट फ्रान्सिस धरण १२ मार्च १९२८ च्या रात्री फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं गेली. विल्यम मलहॉलंड यांच्या देखरेखीखाली बांधलेलं हे धरण. पश्चिम बाजूचा काँग्लोमरेट (गोटे एकत्र चिकटून बनलेला खडक) कोरडा असताना टणक होता, पण त्याचा तुकडा पाण्यात टाकला की विरघळल्यासारखा सुटा व्हायचा. पूर्वेकडचा शिस्ट (पापुद्र्यांचा रूपांतरित खडक) एका जुन्या भूस्खलनाचा भाग होता, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं. काँग्लोमरेटचा दोष कळायला पेलाभर पाणी पुरलं असतं. आज त्याच तपासणीचं शिस्तशीर रूप म्हणजे स्लेक ड्युरेबिलिटी चाचणी: ४० ते ६० ग्रॅमचे दहा तुकडे, २ मिमी जाळीचा ड्रम, अर्धा पाण्यात, मिनिटाला २० फेरे, दहा मिनिटं. वाळवून पुन्हा एकदा तेच, आणि उरलेलं वजन मोजायचं. शेल, टफ (ज्वालामुखीच्या राखेचा खडक), मडस्टोन असले की ही चाचणी वगळूच नये.

फ्रान्समधलं मालपासे हे तर फार बारकाईने शिकवण्यासारखं उदाहरण आहे. साधारण ६६ मीटर उंचीची पातळ कमान २ डिसेंबर १९५९ ला, जलाशय पहिल्यांदाच पूर्ण भरत असताना कोसळली. चारशे वीसहून अधिक मृत्यू. कमानीचं डिझाइन आणि काँक्रीट चोख होतं. डाव्या बाजूच्या नाइसमधले (पट्ट्यांच्या रूपांतरित खडकातले) पापुद्रे अशा दिशेने होते की कमानीच्या रेट्याने ते दाबले गेले आणि त्यांतून पाणी झिरपणं थांबलं. जलाशयाच्या बाजूला दाब साठला, आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाला एक भ्रंश असल्याने खडकाची पाचर सुटी होऊन वर उचलली गेली. पापुद्र्यांची दिशा, भ्रंश आणि पाण्याचा दाब ही तिन्ही एका चित्रात मांडली असती तरच हे दिसलं असतं. त्यानंतर कमान धरणांच्या खडकात ड्रेनेजची भोकं घेण्याकडे आणि पाचरींचं स्थैर्य तपासण्याकडे जगभर लक्ष गेलं.

वर्गात शिकवायची चाचणी म्हणाल तर ल्युजॉन, खडकात दाबाने किती पाणी शिरतं ते मोजणारी. स्विस भूशास्त्रज्ञ मॉरिस ल्युजॉन यांच्या नावाची. एक ल्युजॉन म्हणजे १० बार दाबाला बोअरच्या प्रत्येक मीटरमागे मिनिटाला १ लिटर पाणी. ३ मीटरच्या टप्प्यात ४ बारला मिनिटाला १८ लिटर गेलं, तर १८ भागिले ३ गुणिले १० भागिले ४, म्हणजे १५ ल्युजॉन. जमिनीजवळ सरसकट १० बार लावायचा नाही. वरच्या खडकाच्या वजनापेक्षा दाब जास्त झाला तर तुम्हीच सांधे उघडता आणि खोटा मोठा आकडा मिळवता.

खरी माहिती त्या एका आकड्यात नसून पाच पायऱ्यांच्या आकृतिबंधात असते. कमी, मध्यम, कमाल, पुन्हा मध्यम, पुन्हा कमी, प्रत्येकी दहा मिनिटं. फक्त कमाल दाबाला ल्युजॉन वाढून परत खाली आला तर सांधे तात्पुरते फाकतायत. एकदा वाढून खालीच आला नाही, तर सांध्यातलं भरण धुऊन जातंय, आणि जलाशय भरल्यावरही तेच होणार. हळूहळू कमी होत गेला तर फटी भरत आहेत. पाचही पायऱ्यांची सरासरी काढून अहवालात एकच आकडा दिला की हे सगळं पुसलं जातं. आणि ते घडतं, कारण सरासरी काढणाऱ्याला आकड्यामागे खडक दिसत नसतो.

बोगद्यांबद्दल थोडक्यात: खडकाला गुण देऊन प्रत ठरवायच्या आरएमआर आणि क्यू या दोन्ही पद्धती मुलांना येतात, पण दोन्हींत आरक्यूडी, सांधे आणि पाणी यांचे गुण जागेवर बघून द्यायचे असतात. ते बघणं शिकवलं नाही तर तक्ता भरणं नुसती कारकुनी होते. भ्रंशपट्टा जवळ असण्याची शक्यता दिसली की बोगद्याच्या तोंडापुढे २०-३० मीटर प्रोब होल (पुढचा खडक चाचपायचं भोक) मारायचं आणि पुढचं होल आधीच्यावर काही मीटर चढतं ठेवायचं.

पायाशिक्षक:

सर्वांचे मनापासून आभार. मुद्दा पुरता स्पष्ट झाला: अहवालात गुणधर्म येतात, रचना, दिशा आणि पाण्याचं वागणं वाचावं लागतं. खनिजांबद्दल दगडपारखी यांचं म्हणणं मान्य, निवडक खनिजं ठेवू. आता एकच अडचण. सिव्हिलचा मुलगा भूशास्त्रज्ञ होणार नाही, व्हायची गरजही नाही. मग त्याच्याकडून किमान काय यावं, आणि परीक्षेत ते तपासायचं कसं?

बोअरलॉग:

किमान एवढं: भूशास्त्रज्ञाला कधी बोलवायचं आणि त्याला काय विचारायचं हे कळावं. "खडक चांगला आहे का?" या प्रश्नाला उपयोगी उत्तर मिळत नाही. "या पायाखाली किंवा या कटमध्ये सगळ्यात कमजोर पृष्ठभाग कोणता, तो कुठे झुकतो, किती सलग आहे, त्यात भरण काय, पाणी कुठल्या पातळीला आहे?" असं विचारलं तर उत्तरावर डिझाइन करता येतं.

प्रात्यक्षिकासाठी खऱ्या कोअरच्या पेट्या मिळवा. कोअर साठवून ठेवायला जागा नसते म्हणून काम संपल्यावर त्या टाकून दिल्या जातात, मागितल्या तर मिळू शकतात. मुलांना लॉग न दाखवता पेटी द्या, त्यांनी लॉग लिहावा, मग मूळ लॉगशी ताडून बघावा. निम्मे गुण हरवलेल्या कोअरचा अर्थ लावण्याला.

लेखी परीक्षेसाठी तीन बिंदूंचं गणित ठेवा, पण ते अर्ध्यावर सोडू नका. अ बोअरात एका खुणेच्या थराचा माथा १०० मीटर पातळीला, ६० मीटर पूर्वेला ब मध्ये ८८ ला, अ पासून ६० मीटर उत्तरेला क मध्ये पुन्हा १०० ला. स्ट्राइक उत्तर-दक्षिण, डिप पूर्वेकडे, ६० मीटरला १२ मीटर, म्हणजे सुमारे ११ अंश. इथवर सगळे करतात. आता पुढचा प्रश्न: अ पासून १०० मीटर पूर्वेला ड बोअरात तो थर किती पातळीला अपेक्षित आहे? ८०. प्रत्यक्षात लागला ७० ला. संभाव्य कारणं सांगा, आणि एकच बोअर घेण्याइतकी सोय असेल तर तो कुठे आणि कसा घ्याल?

मुलाने भ्रंश म्हटलं, थराला वळण पडून उतार वाढला म्हटलं किंवा ड मधला थर हा दुसराच थर आहे अशी शंका काढली, तर तिन्ही उत्तरं ग्राह्य. पण बोअर ब आणि ड यांच्या मधल्या ४० मीटरमध्ये हवा. आणि उभा घेतला तर उभ्या भ्रंशाला तो चुकवण्याचीच शक्यता जास्त, म्हणून ब च्या जवळून पूर्वेकडे तिरका हवा. ज्याने हे कारणासकट लिहिलं त्याला पूर्ण गुण द्या, डिपच्या आकड्यात दशांशाची चूक असली तरी.

उतार_आणि_कट:

यात एक भर: त्याच प्रश्नात रस्त्याची मध्यरेषा ईशान्येकडे द्या आणि छेदातला डिप विचारा. स्ट्राइकशी ४५ अंश, म्हणून ०.२ × ०.७०७ = ०.१४, सुमारे ८ अंश. खनिजांबद्दल दगडपारखींचं पटलं. सांध्यातली चिकणमाती स्मेक्टाइट आहे की नाही यावर घर्षणकोन ठरतो, तेव्हा दोनेक तास निवडक खनिजांना देऊन टाका.